फॉरमॅट मारण्याआधी

गिऱ्हाईक लॅपटॉप काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या." लगेच पेनड्राईव्ह खुपसायचा नाही, बाळा. आधी मशीन उलटं कर. मागच्या स्टिकरवर पंचवीस अक्षरांची की छापलेली असेल, तर ते विंडोज ७ च्या नाहीतर त्याआधीच्या जमान्यातलं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड मशीनची की मदरबोर्डवरच्या चिपमध्येच भरलेली येते, स्टिकरवर नुसतं विंडोजचं नाव. तेव्हा "बिल हरवलं, आता की कुठून आणू?" म्हणणाऱ्याला धीर दे. डेल असो, एचपी असो, लेनोव्हो असो, सेटअप ती की आपणच वाचतो.

पण ती की एकाच एडिशनची असते. आपल्याकडच्या घरगुती लॅपटॉपवर बहुतेक होम सिंगल लँग्वेज असतं. त्यावर कुणीतरी हौसेने प्रो टाकतं, मग ॲक्टिव्हेट होईना म्हणून क्रॅक शोधत बसतं. बोर्डात हक्काचं लायसन्स असताना चोरीचं कशाला? बरं, तो क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, यातच काय ते समजून घे. मशीन चालू होत असेल तर सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघड आणि एडिशनच्या नावासकट त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेव. डॉसवर स्वस्तात घेतलेल्या मशीनमध्ये मात्र की नसतेच. तिथे विंडोजचे पैसे वेगळे पडतील हे काम हातात घेण्याआधी सांग.

त्यानंतर बिटलॉकर. हल्ली मालकाला पत्ताही नसतो आणि डिस्कला कुलूप लागलेलं असतं. तू बायोसमध्ये जाऊन काही बदललंस की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतं. ती सहसा त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, आणि अकाउंट दुकानदाराने कुठल्यातरी ईमेलवर उघडून दिलेलं! म्हणून आधी त्याला समोर बसवून लॉगिन करायला लाव. मशीनसोबत आलेलं ऑफिसही त्याच अकाउंटला बांधलेलं असतं, तेही तिथेच दिसेल.

"सगळं डी ड्राईव्हमध्ये आहे" यावर विश्वास ठेवायचा नाही. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स तू स्वतः उघडून बघ. लग्नाचे फोटो तिथेच निघतात. व्यापारी असेल तर टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते विचार. छपाईवाला असेल तर श्रीलिपीचे फॉन्ट आणि इन्स्टॉलर आहे का ते बघ, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच्या सगळ्या पत्रिका अगम्य अक्षरांत उघडतील.

आता प्रत्यक्ष काम. पेनड्राईव्ह किमान ८ जीबीचा आणि रिकामा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. बूट मेनूसाठी डेल-लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपवर सेटअपला एसएसडी दिसतच नाही. नवशिके तिथे डिस्क गेली म्हणून सांगून मोकळे होतात. डिस्क धडधाकट असते, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर हवा असतो. कंपनीच्या साइटवरून तो उतरवून घे, पण एक्झी फाईल तशीच पेनड्राईव्हवर टाकलीस तर चालणार नाही. ती एक्स्ट्रॅक्ट करून आतला आयएनएफ फाईलवाला फोल्डर टाक आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखव. विंडोज बसल्यावर वायफाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग सुरू कर. नेट मिळालं की ॲक्टिव्हेशन बहुधा आपोआप होतं आणि बाकीचे ड्रायव्हरही उतरतात.

बोर्ड बदललेला असेल तर गोष्ट वेगळी, कारण जुन्या बोर्डाबरोबर की पण गेली. वॉरंटीत कंपनीच्या माणसाने बोर्ड बदलला असेल, तर ॲक्टिव्हेशनचं पान उघडून दाखवल्याशिवाय त्याच्या कागदावर सही करू नका, असं गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेव.