चेटकीण खडूस आहे, तरी आपली वाटेल?

प्रश्न : मी मुलांसाठी जादूची कादंबरी लिहिते आहे. गोष्ट घरगुती आहे, लढाया नाहीत. तिच्यातली चेटकीण मी मुद्दाम खडूस ठेवली आहे. मैत्रीण म्हणते, ती कुणालाच आवडणार नाही, तिला एखादं जुनं दुःख दे. देऊ का? – एक वाचक, संगमनेर

उत्तर : घाई करू नका. आपुलकी वाटण्यासाठी कीव यावी लागते, हा समज चुकीचा आहे. दुःखाची कहाणी सुरुवातीलाच सांगितली, की लेखिका पात्राची वकिली करते आहे असं वाटतं आणि वाचक सावध होतो.

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चिंची चेटकीण आठवा. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली, पुढे २०१८मध्ये वैभव मांगले यांनीही. चिंची दुष्टच आहे. पण स्वतःच्या हुशारीवर तिचा अपार विश्वास, आणि तोच तिला अडचणीत आणतो. म्हणून पोरं तिला घाबरतात आणि तिच्याच येण्याची वाट पाहतात.

तुमच्या नगर जिल्ह्याशी नातं असलेलं उदाहरण याहून मोलाचं आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात जादू नाही, पण खडूसपणा कसा लिहावा ते तिथे शिकावं. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि दोघांची ताटातूट झाली. पुढे दोघं पुन्हा एकत्र आले, तरी लक्ष्मीबाईंनी सोवळं लगेच सोडलं नाही. हा हट्ट आज वाचताना टोचतो. त्या मात्र त्याचं समर्थन करत नाहीत आणि तो लपवतही नाहीत. स्वतःच्या फजितीसकट सांगतात. टिळकांचा तापटपणाही तशाच मायेने लिहितात. हट्टाचा त्रास हट्ट करणाऱ्यालाच कसा होतो ते दिसलं, की आपण त्या माणसाच्या बाजूला सरकतो.

आता तुमची चेटकीण. समजा, ती पाटा-वरवंटा कुणाला देत नाही, मागायला आलेल्या शेजारणीवर खेकसते. मग रात्री दोनदा उठून वरवंटा जागेवर आहे ना, हे चाचपून पाहते. एवढं दाखवा आणि पुढे जा. कारण सांगू नका. वाचक ते स्वतः शोधेल, आणि शोधता शोधता तिचा होईल. जुनं दुःख असलंच, तर ते फार उशिरा, कुणाच्या तरी तोंडून ओझरतं येऊ द्या.

तिच्या खोड्यांना मात्र मर्यादा हवी. दूध नासवणारा मंत्र चालेल, लेकराला इजा करणारा नाही. अशा घरगुती गोष्टीत शेवटी तिला त्याच गल्लीत राहायचं असतं, आणि शेजाऱ्यांनी तिला राहू दिलं हे वाचकाला पटायला हवं.