समुद्रपंखा

तीर्थक्षेत्रांच्या आसपासच्या काही दुकानांतून 'इंद्रजाल' या नावाने काळपट, जाळीदार फांद्यांची एक वस्तू विकली जाते. ती चौकटीत बसवून घरात टांगली असता बाधा टळते, अशी समजूत आहे. विकणारा तिला दुर्मिळ वनस्पती म्हणतो. वस्तुतः तो बहुधा समुद्रपंख्याचा अथवा काळ्या पोवळ्याचा वाळलेला सांगाडा असतो; म्हणजे एका प्राण्याचा अवशेष.

ही चूक केवळ भाबड्या गिऱ्हाइकाची आहे असे मात्र नव्हे. पोवळ्याला फुले येतात, असे अठराव्या शतकाच्या आरंभी विद्वानही मानीत. फ्रेंच वैद्य पेसोनेल याने त्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, ही फुले नसून प्राणी आहेत असे प्रतिपादले, तेव्हा त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही.

समुद्रपंखा ही असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत होय. यातील प्रत्येक जीवाला, म्हणजे पॉलिपला, तोंडाभोवती आठ स्पर्शिका असतात आणि त्यांच्या कडांना पिसाप्रमाणे बारीक उपांगे फुटलेली असतात. खडक-प्रवाळाच्या स्पर्शिका सहाच्या पटीत असतात. त्यामुळे अंगठीत बसणारे तांबडे पोवळे प्रवाळभित्ती बांधणाऱ्या प्रवाळापेक्षा समुद्रपंख्याचेच जवळचे नातलग ठरते. पंख्याच्या फांद्यांच्या गाभ्यात गॉर्गोनिन नावाचे शिंगासारखे चिवट प्रथिन असते. म्हणूनच लाटेच्या धक्क्याने पंखा वाकतो, पण सहसा मोडत नाही. वरच्या मऊ सालीत चुनखडीचे सूक्ष्म कण रुतलेले असतात. जाती ओळखताना अभ्यासक या कणांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नुसत्या रंगावर विसंबणे धोक्याचे असते.

पंखा प्रवाहाला आडवा पसरलेला असतो. ज्याला चालता येत नाही त्याने अन्न वाहून येईल अशा जागीच जाळे लावावे, हे ओघानेच आले. कॅरिबियन समुद्रातील अनेक जातींच्या शरीरात प्रकाशावर जगणारी शैवले असतात. आपल्याकडील बहुतेक जातींत ती नसतात. त्या पाण्यातून येणारे प्लवक आणि सेंद्रिय कण यांवर जगतात. सूर्यप्रकाशावाचून त्यांचे अडत नसल्याने खोल किंवा गढूळ पाण्यातही त्यांचा निभाव लागतो. पावसाळ्यात मातकट होणाऱ्या कोकणच्या किनाऱ्यालगत, खडकाळ तळावर, असे जीव का टिकतात हे यावरून उमगेल. मालवणचा सागरी भाग १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे.

पंख्याच्या आश्रयाने सर्पतारे, छोट्या कवड्या आणि मासे राहतात. न्यू कॅलेडोनियात प्रयोगशाळेत आणलेला एक पंखा तपासताना त्याच्या गाठींसारखाच दिसणारा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा समुद्रघोडा हाती लागला. १९७० साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पंखा खुडला नसता तर तो कोणाला दिसलाही नसता, हा योग विचित्रच म्हणावयाचा.

वाढ मात्र अतिशय मंद असते. अनेक जातींत ती वर्षाला अवघी एक-दोन सेंटिमीटर. त्यामुळे हातभर पंखा कित्येक वर्षांचा असतो आणि तळ खरवडणारे ट्रॉल जाळे तो एका फेरीत उपटून काढते. २००१ साली सर्व समुद्रपंखे व काळी पोवळी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आली. त्यांचा व्यापार आता गुन्हा आहे. 'इंद्रजाल' ही वनस्पती आहे हे विक्रेत्याचे सांगणे त्यातून सुटका करू शकत नाही.