इतिवृत्त मागून घे

चि. सई,


तुझी आई फोनवर म्हणाली की तुमचं घर घ्यायचं नक्की झालंय, पण कोथरूडचं की पुनावळ्याचं यावर गाडी अडलीय. तू पाठवलेले दोन्ही व्हिडिओ पाहिले. कोथरूडच्या फ्लॅटचा हॉल ऐसपैस आहे, पुनावळ्याच्या सॅम्पल फ्लॅटचं किचन तर सिनेमात शोभेल असं. पण मी नोकरीभर बँकेत गृहकर्जाची प्रकरणं तपासली आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीची खजिनदार झाले. या दोन्ही खुर्च्यांवरून एकच दिसलं : लोक फ्लॅट निरखून बघतात आणि सोसायटी न बघताच घेतात. टाइल्स आवडल्या नाहीत तर उद्या बदलता येतात. वरच्या मजल्यावरचा माणूस आणि इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे बदलायला आयुष्य जातं.

आधी कोथरूडचं बघू. इमारत ऐंशीच्या दशकातली, तीन मजली, लिफ्ट नाही. एजंटला सांग, सोसायटीच्या गेल्या तीन वर्षांच्या वार्षिक सभांची इतिवृत्तं, लेखापरीक्षण अहवाल आणि थकबाकीची यादी बघायची आहे. तो हसेल. म्हणेल, मॅडम, असं कोणी मागत नाही. तरी माग. विकणारा सभासद आहे, आणि सभासदाला यातली बहुतेक कागदपत्रं सोसायटीकडून मिळवायचा कायद्यानेच हक्क आहे. त्याला घर विकायचं असेल तर आणून देईल.

इतिवृत्ताची वही वाचायला कंटाळवाणी असते, पण पूर्ण वाच. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलासाठी मी अशीच एक वही चाळली होती. पहिल्या वर्षी : ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा झाली. कोटेशन मागवण्याचे ठरले.’ दुसऱ्या वर्षी : ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा झाली. पुढील सभेत निर्णय घेण्यात येईल.’ तिसऱ्या वर्षी तोच विषय, फक्त सूचक आणि अनुमोदक बदललेले. त्या घराच्या बेडरूमच्या छताला नवाकोरा रंग होता, आणि तोही फक्त एका कोपऱ्यात. रंगाखाली काय आहे ते वहीने आधीच सांगून ठेवलं होतं.

पैशांच्या पानावर सिंकिंग फंड किती साठलाय ते बघ. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा व्हायला हवा. एवढ्या जुन्या इमारतीच्या खात्यात दोन लाख रुपये दिसले, तर इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून मेंटेनन्स कमी ठेवला आणि दुरुस्तीचं बिल पुढच्या माणसावर ढकललं असं समज. तो पुढचा माणूस म्हणजे तू. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हावं असं उपविधी सांगतात. शेवटचं कधी झालं ते विचार. ‘झालंय’ म्हणाले तर अहवाल दाखवा म्हण.

आता जमिनीचं. मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा कायदा, 1963 चा. सोसायटी नोंदल्यावर बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची, हे तेव्हापासून लिहिलेलं आहे, आणि तेव्हापासूनच कित्येक बिल्डर ते करत नाहीत. आमच्याही बिल्डरने केलं नाही. तो गेला, मुलं परदेशी, आणि प्रॉपर्टी कार्डावर मूळ मालकाचं नाव तसंच. शेवटी आम्ही जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज केला. ही डीम्ड कन्व्हेयन्सची वाट 2008 च्या दुरुस्तीने मोकळी झाली. अर्ज सोपा, कागद जमवणं अवघड. आमच्याकडे प्रत्येक फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, मागितला. तळमजल्यावरच्या आजोबांचा करारनामा लोखंडी कपाटात होता, पण वाळवीने मधली पानं अशी काही कोरली होती की रक्कम शिल्लक आणि सही गायब. दुय्यम निबंधकांकडून त्याची प्रमाणित प्रत काढली तेव्हा फाइल पुरी झाली. म्हणून तू पहिल्याच भेटीत विचार : कन्व्हेयन्स झालंय का? सेक्रेटरीने ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हटलं तर अर्जाचा क्रमांक माग.

एजंट तुला रिडेव्हलपमेंटचं गाजर दाखवणारच. ‘दोन वर्षांत बिल्डिंग जाणार, नवीन लिफ्ट, पार्किंग, वर जादा कारपेट.’ या भविष्यासाठी आज एक रुपयाही जास्त देऊ नकोस. कन्व्हेयन्स नसेल तर कुठलाही शहाणा बिल्डर लांबूनच नमस्कार करतो. ते असलं तरी विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती हवी. ज्या लोकांना तीन वर्षांत गच्चीवर डांबर घालायचं ठरवता येत नाही, ते बिल्डर कसा ठरवतील ते तूच सांग. रिडेव्हलपमेंट झालं तर दुधात साखर. नाही झालं तरी त्याच तिसऱ्या मजल्यावर, त्याच जिन्याने, म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन वीस वर्षं राहायची तुमची तयारी आहे का, याचं उत्तर दोघांनी एकमेकांना आधी द्या.

पार्किंगही तपास. बिल्डरला स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. म्हणजे विकणारा ‘माझं पार्किंग’ म्हणतो तेव्हा सोसायटीचं वाटपाचं पत्र बघायचं. खांबावर रंगवलेला फ्लॅट नंबर हा पुरावा नव्हे. आणि ट्रान्सफरच्या वेळी कमिटीने ‘डोनेशन’ मागितलं तर गोड हसून सांग की हस्तांतरण अधिमूल्याची मर्यादा 25,000 रुपये आहे, पावती द्या. भांडू नकोस, याच लोकांबरोबर राहायचंय.

पुनावळ्याच्या टॉवरला सोसायटीच नाही, मग वही कुठून आणणार? तिथे महारेराचं संकेतस्थळ ही तुझी वही. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाक आणि पूर्णत्वाची तारीख बघ. सेल्स ऑफिसमधला टाय घातलेला मुलगा पुढच्या दिवाळीचं पझेशन सांगेल आणि महाराष्ट्रभर दिसेल अशा पानावर त्याच्याच कंपनीने दोन वर्षं पुढची तारीख टाकलेली असेल. खरी तारीख ती. करारात तीच येते, आणि ताबा लांबला तर व्याजही त्या तारखेपासून मागता येतं. जमिनीवर दावे चालू असतील तर तेही तिथेच दिसतात. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला त्यांना मनाई आहे, मग ‘ऑफर आजच संपतेय’ असं कोणी कितीही म्हणो.

क्षेत्रफळ कारपेटमध्येच बोल. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. बांधणीत दोष निघाला तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, म्हणून पहिल्या पावसातली गळती व्हॉट्सॲप ग्रुपवर रडण्यापेक्षा लेखी कळवायची. आणि क्लब हाउस, पोहण्याचा तलाव कोणत्या टप्प्यात आहेत ते विचार. बहुतेकदा ते शेवटच्या टॉवरबरोबर येतात, तोवर तुझी मुलं कॉलेजात गेलेली असतात. शेजारी त्याच बिल्डरचं आधी पुरं झालेलं संकुल असेल तर रविवारी सकाळी तिथे जा आणि वॉचमनला विचार, दिवसाला टँकर किती येतात. पुण्याच्या त्या बाजूला घर घेताना हा प्रश्न कारपेटच्याही आधी यायला हवा. मेंटेनन्सचा मोठा वाटा टँकरवाल्याला जातो, आणि हे कुठल्याच ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. ‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद क्लिअर’ असं तुझा निनाद म्हणत होता म्हणे. मी आयुष्यभर त्या टेबलाच्या पलीकडे बसले, म्हणून सांगते. बँक आपली वसुली बघते. तिच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट तिच्यासाठी असतो. तुमचा वकील तुम्ही करा, तीस वर्षांचा शोध घ्यायला लावा. काही हजार जातील, जाऊ देत. पन्नास लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे 43,400 येतो. पहिल्या महिन्यात त्यातले 35,400 व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम आठ हजारांनी. घाबरायचं कारण नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड नसतो, आणि दरवर्षी बोनसमधून एक हप्ता जादा भरलात तर तीन वर्षांहून जास्त मुदत कमी होते. मात्र पुनावळ्याचं घेतलंत तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही द्यावं लागेल, शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी. तयार घरावर तो नाही. ही बेरीज कागदावर मांडा, मग दोन घरांच्या किमतींची तुलना करा.

घर कोणाच्या नावावर? फक्त तुझ्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ऐंशी लाखांवर ऐंशी हजार वाचतात. पण हप्ता दोघं भरणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे : दोघांच्या नावावर घ्या आणि ऐंशी हजार विसरा. ज्याचे पैसे त्याचं नाव, एवढं असलं की पुढचे पुष्कळ प्रश्न उगवतच नाहीत. नॉमिनेशनचा फॉर्म भागदाखला हातात पडला त्याच आठवड्यात भरा. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे लक्षात ठेवून जोडीला मृत्युपत्रही करा. आईला यातलं अक्षर सांगू नकोस, लगेच ‘शुभ बोल’ म्हणेल.

शेवटी शेजाऱ्यांचं. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी उभी केली. ते लोक मात्र आधी एकमेकांना ओळखत होते आणि मग एकत्र राहायला गेले. आपलं उलटं होतं. म्हणून कोथरूडला पुन्हा जाशील तेव्हा जिन्यातला नोटीस बोर्ड सावकाश वाच. भाडेकरूंनी गच्चीवर जाऊ नये, मुलांनी खेळू नये, अमुक वाजल्यानंतर पाहुणे नकोत अशाच नोटिसा लागलेल्या असतील तर फ्लॅट कितीही उजेडाचा असो, मी तरी पाय काढून घेईन. हिशेब लावलेला असेल, सभेची तारीख असेल, टाकी धुण्याचा वार असेल, तर त्या सेक्रेटरीशी अर्धा तास बोलून ये.

माझा कल विचारशील तर, कन्व्हेयन्स झालेलं असेल आणि वही बरी निघाली तर कोथरूड. नाहीतर दोन्ही सोडा आणि सहा महिने अजून भाड्याने राहा. घरं संपत नाहीत. एजंट शुक्रवारपर्यंत टोकन मागतोय असं आई म्हणाली. देऊ नकोस. शनिवारी दुपारी इंडेक्स टू, भागदाखल्याची झेरॉक्स आणि मिळाली तर ती इतिवृत्तं घेऊन दोघं इकडे या. वाचताना निनादला झोप आली तर त्याच्यासाठी दिवाण मोकळा करून ठेवते.

तुझी,
मावशी