जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवताना

चि. गणेश,

फोनवर एवढं सगळं सांगणं झालं नसतं, म्हणून लिहितो. दुकानातला डेस्कटॉप सुरू व्हायला वेळ घेतो, अर्ज टाइप करून घ्यायला आलेला माणूस दारात ताटकळतो, म्हणून तू नवीन मशीन घ्यायचं म्हणतोस. इतक्यात घेऊ नकोस. चौथ्या पिढीचा आय-थ्री आणि आठ जीबी रॅम टायपिंगला, पत्रिकांना पुष्कळ झाली. खोळंबा हार्ड डिस्कचा आहे. तिची तबकडी मिनिटाला 7,200 फेरे घेते, तरी हवी ती जागा गाठून वाचायला दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना अशा बारीक फाइली हजारोंनी उचलाव्या लागतात. म्हणून एसएसडी बसव. तिच्यात फिरणारं काही नसतं. तेच काम ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात करते.

घेताना अडीच इंची सॅटा एसएसडी घे. एनव्हीएमईच्या नादी लागू नकोस, तुझ्या बोर्डावर तिला जागा नाही. एच-81 बोर्डावर चार सॅटा पोर्ट असतात, त्यांतले दोन 6 गिगाबिटचे आणि दोन 3 चे. एसएसडी 6 वाल्यातच लाव. आदिलाबादला घे किंवा नागपूरहून मागव, पण पक्कं बिल हवं. अशक्य वाटावी इतकी स्वस्त दोन टीबीची डिस्क दिसली तर ती खोटी समज.

आता मला खरं काय सांगायचंय ते नीट वाच. त्या मशीनमध्ये तुझ्यापेक्षा गावाचा ऐवज जास्त आहे. मराठी लग्नपत्रिका, तेलुगू अर्ज, लोकांचे करारनामे, बचत गटांचे हिशेब. स्क्रू काढण्याआधी हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरव, आणि उतरवलेल्या चार फाइली लॅपटॉपवर उघडून बघ. सोबत फॉन्टचं फोल्डरही घे. तुझ्या पत्रिका युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टांत आहेत. तो फॉन्ट नसला तर फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. म्हणूनच नव्यानं विंडोज टाकण्यापेक्षा क्लोन कर, म्हणजे फॉन्ट आणि जुनी सॉफ्टवेअरं जशीच्या तशी येतील. फक्त सी ड्राइव्ह आणि त्याच्या आधीचं छोटं सिस्टिम पार्टिशन उचल. कुठून कुठे उतरवायचं ते दोनदा वाचल्याशिवाय बटण दाबू नकोस. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर बसेल.

बसवणं फार अवघड नाही. बटण बंद कर, प्लग काढ. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी ठक्क असते, अंगावर स्थिर वीज साचते, तेव्हा आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव. झाकण उघडलंच आहेस तर पंख्यात अडकलेली कापसाची तूस ब्रशनं काढून टाक. जिनिंगच्या हंगामात ती भरतेच. एसएसडीला वजन नाही, ब्रॅकेट मिळालं नाही तरी ती नीट बांधून ठेवता येते. पहिल्यांदा मशीन सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेव आणि एकट्या एसएसडीवर विंडोज उठतं का ते बघ. मग जुनी परत जोड आणि बायोसमध्ये एसएसडीला पहिला नंबर दे. महिनाभर तरी जुनी डिस्क फॉरमॅट करायची नाही. पुढे तीच साठवणीला राहू दे.

एक भेद लक्षात असू दे. हार्ड डिस्क मरायच्या आधी बहुतेकदा कुरकुरते, अडखळते. एसएसडी आदल्या संध्याकाळपर्यंत छान चालते आणि सकाळी दिसतच नाही. तिच्यावरून पुसलेली फाइलही सहसा परत मिळत नाही, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकते. म्हणून दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर नक्कल काढ, आणि ती डिस्क दुकानात नको, घरी ताईच्या कपाटात ठेव. यूपीएसची बॅटरीही बदल. लिहिता लिहिता वीज गेली तर एसएसडीलाही ते सोसत नाही.

विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. तेव्हा आधार, बँक, पासबुक ही कामं आत्ता करतोस तशी लॅपटॉपवरच कर. डेस्कटॉपचं इंटरनेट काढूनच टाक. पुढे नवीन मशीन घेतलंस तर ही एसएसडी त्यातही चालेल.

बाजाराच्या दिवशी हे काम काढू नकोस. सुट्टीच्या दिवशी सकाळीच बस, आणि क्लोन सुरू करण्याआधी मला फोन कर.

तुझा,
मामा