दुपारचा डोंगर किती रुपयांना पडतो?

जेवण उरकून निघायचं, डोंगर चढायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतायचं, असा बेत पुणेकरांना जुन्या मुंबई–पुणे महामार्गामुळे सहज जमतो. यात डोंगर स्वस्त असतो, महाग पडते ती गाडी.

सर्वांत कमी खर्चाचा घोराडेश्वर. तळेगावच्या अलीकडे, महामार्गाला अगदी खेटून. लोकलने बेगडेवाडीला उतरूनही जाता येतं. अर्ध्या-पाऊण तासाची चढण, वर लेणी आणि त्यातच महादेव. तिकीट नाही. महाशिवरात्रीला मात्र जत्रा असते. शांतता हवी असेल तर तो दिवस सोडा.

भाजे लेण्यांसाठी मळवलीला उतरायचं. पुण्याहून लोकलचं तिकीट पंधरा रुपयांच्या घरात. स्टेशनापासून पायथा अर्ध्या तासाच्या चालीवर, मग पायऱ्या. पुरातत्त्व खात्याचं तिकीट रोख 25 रुपये, ऑनलाइन काढलं तर 20. पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. एवढ्या पैशांत सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचं चैत्यगृह बघायला मिळतं, छताच्या लाकडी कमानींसकट. दोघांचा प्रवास, तिकिटं, चहा-वडापाव धरून अडीचशेत भागावं. फक्त दुपारी लोकल विरळ असतात, तेव्हा जाण्या-येण्याच्या वेळा बघूनच निघा.

लोहगडाचं गणित वेगळं. जुलै 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. तिकीट भाज्याएवढंच. मळवलीहून पायी गेलात तर चढण्यातच दुपार संपते, म्हणून लोहगडवाडीपर्यंत वाहन हवं. तिथून दरवाजांच्या माळेतून वर जायला पाऊण तास पुरतो. कारने पुण्याहून जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धरा. लिटरला पंधरा किलोमीटर मिळत असतील तर पेट्रोलच साडेआठशे-नऊशेचं. त्यावर टोल, पार्किंगची पावती आणि वाडीतलं पिठलं-भाकरी. चौघांच्या कुटुंबाने दोन हजार बाजूला ठेवावेत. दुचाकी असेल तर खर्च निम्म्याहून कमी, पण ती जुन्या महामार्गानेच न्यायची. द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे.

मुंबईकराने एका दुपारसाठी कार काढू नये असं माझं मत. द्रुतगती मार्गाचा पूर्ण टोलच एका फेरीला 320 रुपये, शिवाय रविवारी संध्याकाळी घाटात अडकलात तर दुपारची रात्र होते.

वेळेचा हिशेब उलटा मांडा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पाचला उतरायला लागायचं आणि तीनपर्यंत पायथा गाठायचा. पावसाळ्यात मनाई आदेश निघतात, निघण्याआधी त्याची खात्री करा. मळवलीहून रिक्षा करणार असाल तर भाडं दोन्ही वेळचं आणि थांबण्यासकट आधीच ठरवा. अंधार पडल्यावर वाडीत घासाघीस करण्याइतकी तुमची बाजू भक्कम नसते.