घर त्यांचं, एजंट त्यांचा, दलाली आमची

छत्रपती संभाजीनगर बाहेरून आलेल्या माणसांवर वाढलेलं शहर आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्या, विद्यापीठ, घाटी रुग्णालय, उच्च न्यायालयाचं खंडपीठ यांनी जालना, बीड, परभणी, हिंगोलीहून माणसं ओढून आणली, आणि त्यातली बहुतेक आधी भाड्याच्या घरातच उतरली. मीही जिंतूरहून अशीच आले. तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवते, नवरा वाळूजला कंपनीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला मानधन नसतं आणि घर बदलायची वेळ बहुतेकदा मे-जूनमध्येच येते. अशा वेळी एक महिन्याचं भाडं एजंटाच्या हातावर ठेवताना काय वाटतं, ते ज्यानं ठेवलंय त्यालाच कळतं. पुंडलिकनगर, गारखेडा, देवळाई अशी घरं बदलत जे शिकले ते लिहिते आहे. पुढच्या जूनमध्येही कुणीतरी सामानाचा टेम्पो घेऊन या शहरात येणारच आहे.

१. पैसे तुम्ही देता म्हणून एजंट तुमचा होत नाही

ही गोष्ट आधी पक्की समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. घरमालक दर एक-दोन वर्षांनी नवा भाडेकरू शोधतो, त्यामुळे तो एजंटाचा कायमचा माणूस. आपण एकदा भेटणार आणि जाणार. मग एजंट कुणाची बाजू सांभाळणार? गारखेड्याचं घर बघताना मी भाडं पाचशेनं कमी होतंय का ते विचारलं. एजंटानं मालकाला फोनसुद्धा न लावता सांगितलं, “नाही होणार मॅडम, काका ऐकत नाहीत.” पुढे त्याच काकांशी बोलताना कळलं, की त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. माझ्याकडून पैसे घेणारा माणूस माझ्या वतीनं एक वाक्य बोलला नाही. तेव्हापासून भाड्याची बोलणी मी मालकासमोर बसून, स्वतःच करते.

२. दलालीचा आकडा महिन्यांत नका मोजू

“फक्त एक महिन्याचं भाडं” हे ऐकायला हलकं वाटतं. बारा हजार भाड्याचं घर अकरा महिन्यांसाठी घेतलं तर एकूण भाडं होतं १,३२,०००. त्यावर बारा हजार दलाली म्हणजे नऊ टक्के. भाडं बारा हजारांचं नसून तेरा हजारांच्या वर गेलेलं आहे, हे हिशेब मांडल्यावर दिसतं. घर विकताना एजंट एक-दोन टक्के घेतो, आणि त्या व्यवहारात आयुष्यभराची कमाई पणाला लागलेली असते. भाड्याच्या घरासाठी तो काय करतो? कुलूप उघडतो, पंखा सुरू करून दाखवतो, मालकाचा नंबर देतो.

विक्री करणाऱ्या एजंटाला निदान नोंदणी लागते. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंट म्हणजे घर-प्लॉटच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करणारा. भाड्याची घरं दाखवणारा त्या व्याख्येत येत नाही. म्हणून त्याला नोंदणीही नाही, आणि दलाली किती घ्यावी याला मर्यादाही नाही.

३. घर दाखवायचे पैसे देऊ नका

“आधी तीनशे भरा, मग घरं दाखवतो” असं म्हणणाऱ्याकडून निघून या. करार होऊन किल्ली हातात आल्यावरच दलाली द्यायची, आणि पावती घ्यायची. पावती नाही म्हणाला तर निदान ऑनलाइन पाठवा, म्हणजे नोंद राहते.

४. पाण्याचं एजंटाला विचारू नका, शेजारणीला विचारा

आमच्या शहरात भाड्याच्या घराचा पहिला प्रश्न हॉल-किचन किती मोठं हा नसतो. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हा असतो. जायकवाडीचा नाथसागर पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर भरलेला असतो आणि इथे शहरात आठवडा आठवडा नळाची वाट बघण्यात गेलेला आहे. बीड बायपासच्या पलीकडे, सातारा-देवळाई भागात तर किती इमारती टँकरवर जगल्या. मार्चपर्यंत बोअर चालते, मग तिचा आवाज बदलतो, मग ती बंद पडते. टँकरचा खर्च भाडेकरूंत वाटला जातो आणि तो भाड्यात कुठेही लिहिलेला नसतो.

देवळाईचं घर दाखवताना एजंट म्हणाला होता, “पाण्याचं टेन्शनच नाही वहिनी, बोअरला भरपूर पाणी आहे.” महिना होता ऑगस्ट. ऑगस्टमध्ये मराठवाड्यात कोणत्याही बोअरला पाणी असतं! एप्रिलमध्ये त्याला फोन केला तर तो म्हणाला, हे मालकाशी बोला. एवढी दलाली घेऊन एजंटानं एक तरी खरी गोष्ट सांगायला हवी ना? भाडेकरूसाठी घर तपासायचं म्हणजे नेमकं हेच तपासायचं: टाकी किती लिटरची, मोटर कुणाच्या मीटरवर, उन्हाळ्यात टँकर कोण मागवतो, बोअरचं पाणी खारं आहे का. हे मी आता वरच्या मजल्यावरच्या काकूंना विचारते. त्या दहा मिनिटांत सगळं सांगतात, तेही दारात उभ्या राहून.

एक एजंट मात्र मला वेगळा भेटला. त्यानं एक घर दाखवलं आणि बाहेर आल्यावर स्वतःहून म्हणाला, “ताई, हे नका घेऊ, लेकरं लहान आहेत तुमची, इथं पाण्याचे हाल होतील.” त्याला दलाली देताना माझा हात आखडला नाही, आणि मी ओळखीच्या लोकांनाही त्याच्याकडे पाठवते. कामाचे पैसे द्यायला भाडेकरूची ना नसते.

५. सरकारी कामाचा दर स्वतः बघून ठेवा

एजंट म्हणतो, “करार, पोलिस व्हेरिफिकेशन सगळं माझ्याकडे, पाच हजार द्या.” हा दुसरा खिसा. बारा हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, वर्षाचा करार धरा. मुद्रांक शुल्क वर्षाच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या १० टक्के रकमेवर मिळून ०.२५ टक्के, म्हणजे चारशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आधारवर अंगठा ठेवला की झालं. अंगठ्याचं मशीन आणणाऱ्याचे, टायपिंगचे वेगळे द्या, ती त्याची मेहनत आहे. पण पाच हजार कशाचे, हे खुलासेवार विचारा.

बरेच एजंट तर नोंदणी करतच नाहीत. स्टँपपेपरवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का, झालं. अकरा महिन्यांची ही रीत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली; एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची होती. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आल्यापासून ती पळवाट उरलेली नाही. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरायच्या. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम प्रत्येक भाडेकरूनं पाठ करावं असं मला मनापासून वाटतं. मालकाच्या जबाबदारीचं काम, त्याचे पैसे एजंट आपल्याकडून घेतो, आणि कामही करत नाही.

६. मुदत वाढली म्हणून पुन्हा दलाली नाही

अकरा महिने संपले की एजंटाचा फोन येतो: रिन्यूअल आहे, अर्ध्या महिन्याचं द्यावं लागेल. कशाचं? घर तेच, माणसं तीच, भाडं मालकाशी मी ठरवलं, वाढही मीच मान्य केली. मी स्पष्ट नाही म्हणाले, आणि काही बिघडलं नाही. ही अट पहिल्याच वेळी करारात किंवा तोंडी घुसडलेली असते, तेव्हाच काढून टाकायला लावा. आणि घर सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले जातात, त्या दिवशी हाच एजंट फोन उचलत नाही, हेही ध्यानात असू द्या.

७. आडनावाची चाळणी

हा मुद्दा लिहायला जड जातो. या शहरात भाड्याचं घर मागताना दुसरा-तिसरा प्रश्न “आडनाव काय?” हाच असतो. आडनाव सांगितलं की कधी कधी घर अचानक “कालच गेलं” असं होतं. दलित कुटुंबं, मुसलमान कुटुंबं, एकटी नोकरी करणारी मुलगी, घटस्फोटित बाई यांच्यासाठी बाहेर टु-लेटची पाटी असूनही दार उघडत नाही. मालकाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, ते काम एजंट करतो, आणि त्याला त्याचेच पैसे मिळतात. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका मुस्लिम मैत्रिणीला “तुमच्यासाठी मालकाला समजवावं लागेल” म्हणून दीड महिन्याची दलाली मागितली गेली. ती पीएच.डी. आहे, पगार माझ्याएवढाच, आणि घर शोधायचा खर्च माझ्यापेक्षा जास्त. यावर मला कसलाही व्यवहारी सल्ला देता येत नाही. हा अन्याय आहे, आणि दलालीच्या नावाखाली त्याची वसुली होते.

८. आधी पायी फिरा

ज्या भागात राहायचं तिथे रविवारी सकाळी चाला. टीव्ही सेंटर, सिडकोच्या एन-सेक्टरांत, उस्मानपुऱ्यात गेटवर हातानं लिहिलेल्या पाट्या अजून असतात. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, दूधवाला यांना कुठलं घर रिकामं होतंय ते एजंटाच्या आधी कळतं. आम्ही आता राहतो ते घर इस्त्रीवाल्या दादांनी सांगितलं. मोबाइलवरच्या जाहिरातींत मात्र “मी लष्करात आहे, बदली झाली, आधी टोकन पाठवा” असं कुणी म्हणालं तर एक रुपयाही पाठवू नका.

९. दुसरीकडे हे बदललं आहे

जर्मनीत भाडेकरूला एजंटासाठी दोन-दोन महिन्यांचं भाडं मोजावं लागे. १ जून २०१५ पासून तिथे कायदा आला: एजंट ज्यानं नेमला, पैसे त्यानंच द्यायचे. एजंट कोर्टात गेले. २०१६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं कायदा उचलून धरला. इंग्लंडनं जून २०१९ पासून भाडेकरूकडून असली फी घ्यायला बंदी केली. न्यूयॉर्क शहरात जून २०२५ मध्ये असाच नियम लागू झाला. आपल्याकडे लोक म्हणतात, मग मालक भाडं वाढवतील. काही वाढवतीलही. पण ते भाडं पाटीवर दिसेल, महिन्या-महिन्याला विभागून जाईल, आणि एजंटाशी घासाघीस मालक करेल, कारण एजंट निवडायची मुभा त्यालाच असते. आपल्याला ती कधीच नव्हती.

महाराष्ट्रानं हाच नियम आणावा: नेमणारा देईल, भाड्याच्या एजंटांचीही नोंदणी होईल, पावती सक्तीची राहील. आपल्या भागाच्या आमदाराला, तो कुठल्याही पक्षाचा असो, हे लेखी द्या. आणि घरमालक काका-काकूंना हात जोडून विनंती आहे: एजंट तुम्ही बोलावला असेल, तर त्याचे पैसे कायद्याची वाट न बघता तुम्हीच द्या.