भीतीही शिकलेली असते

सहावीत असताना पोहण्याच्या तलावात खोल बाजूला माझा पाय घसरला. नाकातोंडात पाणी गेले, पण उस्तादांनी लगेच बाहेर काढले. त्यानंतर मात्र क्लोरीनचा नुसता वास आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. मुले 'डरपोक' म्हणू लागली आणि मलाही ते खरे वाटू लागले. मानसशास्त्रातले पुढील शब्द समजल्यावर माझे मत बदलले.

अभिसंधान : अन्न मिळाले की कुत्र्याला लाळ सुटते, ते शिकवावे लागत नाही. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी दाखवले, की अन्न देण्याआधी दर वेळी ठरावीक आवाज केला तर पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. आवाज हा उद्दीपक, लाळ ही प्रतिक्रिया. दोघांची अशी जोडी जमणे म्हणजे अभिसंधान. माझ्या मनात वास आणि बुडणे यांची जोडी एकाच दिवसात जमली.

सामान्यीकरण : १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी अकरा महिन्यांच्या बाळापुढे पांढरा उंदीर ठेवून त्याच वेळी पोलादी कांबीवर हातोडा मारला. ते बाळ उंदराला घाबरू लागलेच, शिवाय सशालाही. असा क्रूर प्रयोग आज कोणी करू देणार नाही. मलाही पोहण्याच्या दिवशी सकाळच्या बिगुलाचीच धास्ती वाटायची.

नकारात्मक प्रबलन : याचा अर्थ शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट टळते, म्हणून ते वागणे पक्के होते. मी पोटदुखी सांगून सिक रिपोर्ट करायचो. 'सुटलो!' असे वाटायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा पोट दुखायचे.

विलोपन : आवाज होतो पण अन्न येत नाही, असे वारंवार घडले की लाळ सुटणे थांबते. भीतीही अशीच विरते. पण जो तलावाकडे फिरकतच नाही, त्याची कशी विरणार?

प्रति-अभिसंधान : १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजरा हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

हे वाचून मी उस्तादांना खरे कारण सांगितले. ते रागावले नाहीत. आधी काही दिवस मित्रासोबत गप्पा मारत फक्त पाय पाण्यात, मग कमरेपर्यंत, मग तरंगणे. दिवाळीच्या सुट्टीनंतर भीती परत आली. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांनाही विश्रांतीनंतर पुन्हा लाळ सुटली होती. त्याला उत्स्फूर्त पुनःप्राप्ती म्हणतात. म्हणून खचलो नाही, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. यंदा मी खोल बाजूपर्यंत पोहून गेलो.

तलावाच्या काठावर एखादा सहावीचा कॅडेट थबकलेला दिसला, तर त्याला 'डरपोक' म्हणू नका. त्याच्या शेजारी पायरीवर बसा आणि पाय पाण्यात सोडा.